पेटीतली कूपनं कादंबरीत का नाहीत?

सर, मी माण तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ५१. माझी आत्या १९७३ साली नवऱ्याचं घर सोडून गेली, ती माहेरीही आली नाही. आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. ती वारली तेव्हा फक्त वडील जाऊन आले आणि आल्यावर कुणाशी काही बोलले नाहीत. वडिलांच्या मागे आजीची पत्र्याची पेटी आवरताना तळाशी मनीऑर्डरची कूपनं सापडली, १९७४ ते १९८१ मधली, इचलकरंजी पोस्टाच्या शिक्क्याची. वीस-पंचवीस रुपयांच्या मनीऑर्डरी. तेव्हापासून मी आत्यावर कादंबरी लिहायला घेतली. दीडशे पानं झाली आहेत, झेरॉक्स सोबत पाठवते. टायपिंगला पुतणीकडे दिली होती, तिथून ती दादाच्या हाती पडली. तो म्हणाला, ‘घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायला निघालीस.’ आईने तेव्हापासून अबोला धरलाय. टोपणनावाने लिहावं का? दुसरं असं, की एका लेखन शिबिरात आम्हाला सांगितलं, लेखकाने जग फिरलं पाहिजे, त्याशिवाय अनुभवविश्व रुंदावत नाही. मी पंढरपूर, तुळजापूर आणि शाळेची सहल घेऊन रायगड, एवढंच पाहिलंय. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. आता कुठलं जग आणि कुठलं फिरणं! सोडून द्यावं का सगळं?

— एक शिक्षिका

ताई,

घरच्यांचा आणि प्रवासाचा, असे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे करून विचारलेत. हस्तलिखित वाचल्यावर मला ते एकच वाटतात. का, ते सांगतो; त्याआधी थोडं पानांबद्दल.

दुष्काळाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. आत्या दुष्काळी कामासाठी माहेरी आलेली, गावालगत पाझर तलावाचं काम निघालंय, दिवसभर खडी फोडायची नाहीतर मातीच्या पाट्या वाहायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चूल. रेशनवरचा तांबडा मायलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याच्या पिठाला चिकटाई नाही, म्हणून भाकरी थापताना कडा फाटतात. आजी पिठाला काही म्हणत नाही, पोरीच्या हाताला नावं ठेवते. दुसऱ्या दिवशी आत्या आधणाच्या पाण्यात पीठ मळते, तरी भाकरी तव्यावर टाकताना मधोमध चिरतेच. ती काही न बोलता दोन्ही अर्धुकं शेजारी सरकवून जुळवते, वरून पाण्याचा हात फिरवते, आणि टोपल्यात ठेवताना ती भाकरी सगळ्यांत खाली घालते. एवढं लिहून तुम्ही थेट पुढच्या दिवसावर गेलात. तिला त्या वेळी काय वाटलं, रडू आलं की राग, याबद्दल एक अक्षर नाही. तुम्हाला लिहिता येतं का, हे मला त्या पानाने सांगितलं. शिबिराच्या दाखल्याची गरज उरत नाही.

मग ९४ व्या पानावर ती घर सोडते. ‘डोळ्यांतल्या आसवांना बांध घालत तिने तो उंबरठा ओलांडला.’ हरकत नाही, असं एखादं वाक्य हातून निसटतं. पण पुढची छप्पन पानं अशीच आहेत. आत्या इचलकरंजीत राहते, आणि त्या छप्पन पानांत एकदाही माग वाजत नाही. ती खोलीच्या खिडकीतून ‘दूरच्या क्षितिजाकडे’ बघत बसते. ताई, यंत्रमागाच्या गल्लीत खिडकीतून क्षितिज दिसत नाही, समोरच्या शेडचे पत्रे दिसतात. तिच्या कामाचं तुम्ही ‘मिळेल ते काम’ एवढ्यावर भागवलंय. मजुरी कशावर मिळायची, आठवड्याने की महिन्याने, पाणी कुठून भरायची, आजारी पडली तर शेजारचं कोण यायचं, काही नाही. मायलोची भाकरी इतक्या जवळून बघणारी बाई इथं आल्यावर डोळे मिटून लिहायला लागते.

आता कूपनं. पत्रात तुम्ही ती एका दमात सांगून मोकळ्या झालात. मी तिथंच अडकलो. म्हटलं, बघू या हस्तलिखितात ही कुठं येतात. दीडशे पानं संपली, मनीऑर्डर हा शब्दसुद्धा आला नाही. ज्या वस्तूमुळे कादंबरी सुचली तीच कादंबरीत नाही!

मला वाटतं ते असं. तुमच्या घरात आत्याची एक गोष्ट तयार आहे: पोरीला कुणीतरी फूस लावली, ती गेली, एकटी राहिली, तिथंच संपली. घरात नाव न काढताही अशा गोष्टी पोरांच्या कानावर बरोबर पडतात. तुमची ९४ नंतरची पानं त्या गोष्टीबरहुकूम चालतात, फक्त तुम्ही तिच्यात कणव घातलीत. ती कूपनं आत आली की ही सगळी गोष्ट बिघडते. कारण मग असं निघतं, की जिचं नाव काढायचं नाही तिचे पैसे या घरात सात वर्षं येत होते आणि कुणीतरी ते सही किंवा अंगठा करून घेत होतं. १९८१ साली तुम्ही पहिली-दुसरीत असाल. तुमची पाटी कुठल्या पैशातून आली, हा प्रश्न मग दाराशी येऊन उभा राहतो. दादा अब्रूबद्दल आत्ता बोलला. तुम्ही मात्र लिहितानाच, त्याला पत्ता लागायच्या कितीतरी आधी, त्याच्या वतीने खाडाखोड करून ठेवली होती.

मनीऑर्डर कशी चालायची ते आजच्या पोरांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तरी एकदा कागद डोळ्यांपुढे आणा. आत्या पोस्टाच्या खिडकीवर फॉर्म भरणार, किंवा भरून घेणार. पोस्टमन तुमच्या अंगणात येऊन आजीच्या हातात रोख मोजणार. कूपन फाडून आजीला देणार, त्यावर खुशालीच्या दोन ओळी मावतात. आणि पोहोचपावती, आजीच्या अंगठ्याची, परत इचलकरंजीला जाणार. म्हणजे त्या सात वर्षांत दर मनीऑर्डरीमागे आईच्या अंगठ्याचा शाईचा ठसा आत्याच्या खोलीवर पोहोचत होता. तो तिने ठेवला का टाकला? खुशालीच्या ओळीत ती काय लिहायची? तुम्ही पत्रात कूपनांवरची रक्कम सांगितलीत, शिक्का सांगितलात, मजकूर सांगितला नाहीत. कोरी असतील तर तेही लिहा. कोरी असणं त्याहून जास्त बोलतं.

दादाच्या अब्रूचं काय? पोस्टमन तुमच्या घरी येताना चावडीवरून, देवळापुढून, चार अंगणं ओलांडून येत होता. १९७४ साली खेड्यात मनीऑर्डर आली की कुणाची, कुठून आणि कितीची, हे दिवस मावळायच्या आत सगळ्यांना ठाऊक व्हायचं. तेव्हा गावापासून लपवण्यासारखं काही शिल्लक नाही, ते गावाला माहीतच आहे. जे काही लपलंय ते तुमच्या घरातल्यांनी एकमेकांपासून लपवलंय. दादा सोसायटीचा चेअरमन वगैरे असेल, त्याला निवडणुकीची धास्ती असेल, तर त्याला निरोप द्या की मराठी कादंबरीची आवृत्ती फार तर हजाराची निघते, त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांच्या कपाटात जातात. पॅनेल पडण्याइतके वाचक आपल्याला मिळाले तर मी स्वतः पेढे वाटीन.

टोपणनावाचं विचारलंत. मराठीत त्याचं मोठं उदाहरण विभावरी शिरूरकरांचं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा फसलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं, आणि त्यावर जो गदारोळ उठला तो उठला. ह्या विभावरी कोण, ते लोकांना बराच काळ कळलं नाही. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या. अनोळखी लोकांचा मारा टोपणनावामुळे चुकवता आला. तुमची अडचण अनोळखी लोकांची नाही. तुमचा दादा मुखपृष्ठावरचं नाव बघून पुस्तक ओळखणार नाही, मायलोच्या भाकरीवरून ओळखेल. घरच्यांसाठी टोपणनाव कुचकामी. शाळेसाठी, खात्यासाठी हवं असेल तर जरूर घ्या. तो निर्णय पुस्तक छापायला जाईल त्या दिवशी करता येतो, आज त्याच्यावर झोप घालवू नका.

घरच्या माणसांवर लिहायचं कसं, हे शिकायला मला लक्ष्मीबाई टिळकांपेक्षा चांगली शाळा माहीत नाही. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचली असणारच, बहुतेक डी. एड.ला असताना. आता लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी परत वाचा. सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला जेरीला आणणारे वडील आहेत. न सांगता घरातून निघून जाणारा, १८९५ साली धर्म बदलणारा नवरा आहे. कागदावर मांडली तर ही सगळी तक्रारींची यादी होईल. तशी ती होत नाही, कारण बाई स्वतःला त्यातून वगळत नाहीत. स्वतःचा हट्ट, स्वतःचा भित्रेपणा, भांडणात आपण काय बोललो, सगळं त्याच मापाने मोजलेलं. आणि ज्यांनी त्रास दिला त्यांची गंमतही त्यांना दिसत राहते. तुमच्या हस्तलिखितात आजी कडक, आजोबा कडक, काका कडक, आणि तुम्ही मात्र कुठेच नाही. सगळ्या घरात एकटी निर्दोष कोण, तर पुस्तक लिहिणारी. कुठल्याही भावाला याचा राग येईल. दादाच्या रागातला तेवढा भाग मला रास्त वाटतो.

जाता जाता एक गंमत सांगतो. माझी पहिली कादंबरी आईने वाचली आणि म्हणाली, ‘ती वाड्यातली गोड बोलणारी काकू म्हणजे मीच ना रे?’ आईवरून घेतलेलं पात्र भलतंच होतं. त्याच्याबद्दल तिचं मत पडलं, ‘काय ती बाई! असली माणसं बघितलीस तरी कुठं?’ घरचे वाचतील तेव्हा तुम्हाला वाटतंय तिथं त्यांना लागणार नाही, आणि जिथं तुमच्या ध्यानीमनी नाही तिथं लागेल. त्याचा बंदोबस्त आधी करता येत नाही, म्हणून अर्धवट हस्तलिखित घरात कुणाला दाखवू नये. पुतणीकडची टायपिंगची प्रत परत मागून घ्या. तालुक्याला डीटीपीवाले आहेत, त्यांना तुमच्या आत्याशी काही देणंघेणं नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. आत्याच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, त्याची मुलं शेजारच्या गावात नांदतायत, असं तुमच्या पानांवरून कळतं. ती माणसं तुमच्या घरातली नाहीत. त्यांच्या बापाची बाजू मांडायला तुमच्या कादंबरीत कुणी नाही, आणि तुम्ही त्याला जनावर करून ठेवलाय. नाव बदलून भागणार नाही. गाव बदला, धंदा बदला, भावंडांची संख्या बदला; आणि मुख्य म्हणजे त्याला असं एखादं काम करायला लावा जे खऱ्या माणसाने कधी केलं नसेल आणि जे तुम्हालाही त्याच्याकडून अपेक्षित नसेल. तिथून तो कादंबरीतला माणूस व्हायला लागेल. तो केवळ मारकुटा होता म्हणून आत्या गेली, हे मला पुरेसं पटलेलंही नाही. मारकुटे नवरे तेव्हा गल्लोगल्ली होते आणि बायका मुकाट नांदत होत्या. १९७३ सालीच ती का उठली? मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत बायकांची संख्या प्रचंड होती. मस्टरवर स्वतःचं नाव, पगाराच्या दिवशी स्वतःच्या हातात पैसे, हे कितीतरी बायकांच्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा घडलं. पाझर तलावावर काम करून आत्या सासरी परत गेली ती हे बघून गेली. हेच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मायलोच्या प्रकरणात पगाराचा दिवस नाही, आणि तो यायला हवा. पैसे कुणाच्या हातात दिले तिने? आजोबांच्या? सगळे?

आता प्रवास. लेखकाने जग फिरलं पाहिजे हे वाक्य शिबिरात फार खपतं. मला फिरायला आवडतं, मी फिरतोही, पण दहा दिवसांत पाच देश बघून आलेल्या लेखकांची प्रवासवर्णनं मी वाचली आहेत, त्यांत हॉटेलच्या नाश्त्यावर जितकं प्रेम दिसतं तितकं माणसांवर दिसत नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत बीईएसटीमध्ये नोकरी करत होते आणि लिहीत होते दापोलीकडच्या आपल्या मुलखावर. जगप्रवासावाचून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

आणि प्रवासाचंच म्हणत असाल तर आमच्या भाषेतलं माझं सर्वांत लाडकं उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं. पेणजवळच्या खेड्यातला गरीब भिक्षुक, घरावर कर्ज. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून १८५७ साली काकांबरोबर निघाला. वडील सोडायला तयार नव्हते. वाटेत बंड पेटलं, आणि हा थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. मिळवलं ते लुटलं गेलं. परतला तो आईबापांना न्हाऊ घालायला गंगेची कावड घेऊन. त्याने लिहायला घेतलं ते पुढं वीस-पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अनुभवविश्व रुंदावायला हा माणूस गेला नव्हता, घरच्या कर्जापायी गेला होता. म्हणून त्याची नजर दक्षिणेवर, शिध्यावर, कोण किती देतो आणि रात्री निजायला जागा कुठं मिळते यावर असते. झाशीचं वर्णन इतकं जिवंत उतरलं ते या नजरेमुळे.

तुमच्या आत्याचा प्रवासही पैशापायीच झालेला. तोच तुम्हाला करायचाय. दहिवडीहून मायणी, विटा, तासगाव, सांगली, आणि सांगलीहून इचलकरंजीला गाड्या आहेतच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण चालणार नाही. दोन मुक्काम करा. पहिल्या दिवशी काही विचारू नका, नुसतं फिरा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला आणि नंतर घराघरात माग आले. म्हणून अजूनही काही गल्ल्यांत राहतं घर आणि मागाची शेड यांच्यात एक भिंत काय ती असते. तो आवाज अंगात किती वेळ राहतो ते बघा. त्या आवाजात काम करणारी माणसं घरी आल्यावर केवढ्याने बोलतात ते ऐका. तुमच्या कादंबरीतली आत्या ‘हळुवार स्वरात’ बोलते. मागाच्या शेडला चिकटून वर्षानुवर्षं काढलेली बाई हळुवार बोलेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी कांडीवाल्या बायका शोधा. साध्या मागावर आडवं सूत धोट्यातून, म्हणजे इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यातून, जातं, आणि त्या धोट्यात बसते ती सूत गुंडाळलेली कांडी. कांडी संपली की माग थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्यांचा पुरवठा सतत लागतो, आणि हे कांड्या भरण्याचं काम पूर्वापार बायकांकडे. एकट्या आलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईला १९७३-७४ साली या गावात पहिलं काम मिळालं असेल तर ते बहुधा हेच. पण ‘बहुधा’ माझं झालं. तुम्ही विचारून या. नव्या बिनधोट्याच्या मागांना कांडीच लागत नाही, सूत सरळ कोनावरून ओढलं जातं. त्यामुळे हे काम आटत चाललंय आणि ते करणाऱ्या बायका म्हाताऱ्या होतायत. सत्तरीच्या पुढच्या एखाद्या बाईला गाठा आणि तिला आत्याबद्दल विचारू नका, तिच्या स्वतःबद्दल विचारा. सूत चालताना बोटाला कुठं कापायचं? शंभर कांड्यांना काय मिळायचं? खोलीचं भाडं? दिवाळीचा बोनस हातात पडला की पहिल्यांदा काय घ्यायची? नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला खोली कोण द्यायचं? या शेवटच्या प्रश्नावर ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा, घाई करू नका. वही बाहेर काढू नका, मुक्कामावर जाऊन लिहा.

आणखी एक. १९७४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इचलकरंजीतच भरलं होतं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष. महाराष्ट्रातले झाडून सगळे लेखक त्या गावात जमलेले, आणि तुमच्या पेटीतली पहिली कूपनंही त्याच सालातली. म्हणजे आत्या तेव्हा त्याच गावात होती. आता तिच्यावर कादंबरी लिहिणारी तिची भाची हा प्रसंग सोडणार असेल तर मी रागावेन. तिला त्या मंडपात नेऊन बसवू नका, ते खोटं होईल. पण त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी झाली असेल, कमानी लागल्या असतील, खानावळीला पाहुण्यांमुळे भाजी कमी पडली असेल. कांड्यांची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला त्यातलं काय दिसेल, तेवढंच लिहा.

आईच्या अबोल्याचं मी शेवटी ठेवलं, कारण त्यातच तुमचं सगळ्यात मोठं काम आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग कूपनावरचा मजकूर तिला वाचून कोण दाखवायचं? वडील शेतात नाहीतर बाजाराला. पोस्टमन येतो दुपारी. त्या वेळी घरात वाचता येणारं माणूस म्हणजे घरातली सून, तुमची आई. असं असेल तर आत्याचा आवाज त्या घरात सात वर्षं आईच्या तोंडून ऐकू येत होता, आणि ती बाई पन्नास वर्षं त्याबद्दल बोललेली नाही. तुमच्यावरचा तिचा राग हा दादाच्या रागाच्या जातीचा नसावा. तिच्याशी कादंबरीबद्दल एक शब्द बोलू नका, समजूत घालू नका, परवानगी मागू नका. एक कूपन तिच्यापुढे ठेवा आणि चष्मा सापडत नाही म्हणून वाचून मागा. ती उठून गेली तर गेली. आठवड्याने दुसरं ठेवा.

राहता राहिल्या सासूबाई. इतक्या मोठ्या पत्रात मिस्टरांचा उल्लेख कुठेच नाही. असतील तर दोन दिवस त्यांच्या आईचं त्यांनी बघावं. औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कूस कशी बदलायची ते एकदा दाखवा आणि निघा. ते नसतील, किंवा नोकरीनिमित्त लांब असतील, तर दादाला सांगा. घराण्याच्या अब्रूची एवढी काळजी करणाऱ्या भावाने बहिणीच्या घरी दोन रात्री मुक्काम करायला काय हरकत आहे?

पहिल्या ९३ पानांना सध्या हात लावू नका, फक्त पगाराचा दिवस घाला. बाकीची छप्पन-सत्तावन पानं एका पाकिटात घालून वर ठेवून द्या आणि इचलकरंजीहून आल्यावर ती न बघता नव्याने लिहा. तेवढी झाली की पाठवा. प्रकाशकाचं नंतर बघू.